हरणाची मोटार आणि मला न आलेलं इंग्रजी

माझ्या इंग्रजीची कीर्ती तिसगावापासून पार शेवगावापर्यंत पसरलेली होती, आणि मला इंग्रजी येत नव्हतं. ही गोष्ट मी आयुष्यभर पोटात ठेवली. आता दात पडले, माझ्या खोट्यापायी ज्याचं वाटोळं झालं तो माणूसही राहिला नाही, तेव्हा सांगून टाकतो. सांगितल्यानं काही भरून निघणार नाही, हे मलाही कळतं.

लढाईत मी फौजेत मोटार-मिस्त्री होतो. साहेब जे ओरडायचा ते समजायचं, कारण तो रोज तेच ओरडायचा. सामानाच्या खोक्यांवरची दहा-वीस नावं ओळखू यायची. सही इंग्रजीत करायला एका हवालदारानं शिकवलं होतं. तिला शेवटी मी एक लांब शेपूट काढायचो. एवढीच माझी विद्या. पण घरी आलो आणि वासरांत लंगडी गाय शहाणी ठरली. त्या काळी कुणाच्या घरी तार आली की माणसं ती वाचायच्या आधीच रडायला लागायची, कारण तार म्हणजे मरण. मग कुणीतरी म्हणायचं, मिस्त्रीला बोलवा. तारेतले तीन शब्द मला तोंडावळ्यानं ओळखू यायचे: मेला, आजारी, निघा. पहिला दिसला नाही की मी हात वर करून ‘रडू नका’ म्हणायचो. बाकीचं घरच्यांच्याच तोंडून काढून घ्यायचं. मुंबईला कोण आहे, कोण अंथरुणाला खिळलंय, कुणाचे दिवस भरलेत, एवढं विचारलं की तार आपोआप वाचता येते. चहा मिळायचा, म्हाताऱ्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडून माझी दृष्ट काढायच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि मी ती मूठ चांगली आवळून धरली होती.

माझा भागीदार पाथर्डीच्या पलीकडच्या एका गावचा, मराठ्याचा, शेतकरी घरातला. मी नगरचा मुसलमान, आमच्या घरात तीन पिढ्या लोखंडकाम. फौजेत आम्ही एका लॉरीवर तीन वर्षं काढली. तो चालवायचा, मी दुरुस्त करायचो. त्याला अक्षरओळख बिलकूल नव्हती, सहीच्या जागी अंगठा. पण घाटातून गाडी अशी उतरवायचा की मागं झोपलेल्याची झोप मोडायची नाही. सुटून आल्यावर फौजेतली सगळी कमाई घालून आणि घरची बैलजोडी विकून त्यानं नगरात एक वापरलेली मोटार घेतली. मोटार त्याची, हात माझे, मिळेल ते निम्मं निम्मं. तोंडी ठरलं. दोघांत कागद कधी झाला नाही, आणि आमचं तेवढ्यावरून कधी वाजलंही नाही.

त्या मोटारीच्या नाकावर उडी मारणारं पितळी हरीण होतं. कंपनीचं विलायती नाव कुणाच्या जिभेला वळत नसे, म्हणून ती हरणाची मोटार. दुसऱ्या एका कंपनीच्या मोटारीच्या नाकावर ढाल असायची, ती ढालीची. आमच्याकडं मोटारींची ओळख अशीच. नगरहून पाथर्डी आणि पुढं शेवगाव, ह्या रस्त्यावर उतारू न्यायचं सरकारी परमिट भागीदाराच्या नावावर होतं. करंजीचा घाट आला की ढालीच्या मोटारी उकळायच्या, उतारू खाली उतरून ढकलायचे. आमचं हरीण एका दमात चढायचं. खंडेनवमीला बाया त्या पितळी हरणाला हळदकुंकू वाहायच्या. पुढं पुढं तर असं खूळ निघालं की नव्या नवरीला पहिल्यांदा सासरी न्यायचं ते हरणाच्याच मोटारीतून, म्हणजे संसार अडखळत नाही. भागीदाराला ह्याचा कोण अभिमान. नवरी बसायची असली की तो पहाटे उठून हरीण चिंचेनं घासायचा, आणि मी हसलो तर म्हणायचा, “हस की लेका. तुज्या लग्नातबी हीच गाडी हाय.”

आणि एक दिवस स्टँडवरच्या चहाच्या दुकानात बातमी आली की हरीण विकायला निघालंय.

आमची मोटार नव्हे, सबंध कंपनीच. लांब अमेरिकेत हरणवाल्यांचे पाय लढाईनंतर गाळात गेलेत आणि ढालवाले त्यांना विकत घेणार आहेत, म्हणे. कुणी सांगितलं विचारावं तर जो तो दुसऱ्याकडं बोट दाखवायचा, आणि सगळी बोटं फिरून फिरून नगरच्या स्टेशनाकडच्या ढालीच्या एजंटाच्या दुकानाशी थांबायची. हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं. दिसलंही असेल. पण बातमी अशी चविष्ट होती की तिचं खापर कुणाच्या माथी फोडायचं हे बघायला कुणाला सवड नव्हती.

आठवडाभरात तिला हातपाय फुटले. तिसगावच्या दुकानदारानं सांगितलं की हरणाचे सुटे भाग आता बनणार नाहीत. शेवगावच्या बाजारात ऐकलं की ढालवाले जगातली सगळी हरणं गोळा करून भट्टीत घालणार आहेत. अमेरिका कुठल्या अंगाला आहे हे ज्यांना ठाऊक नव्हतं, ते तिथल्या कारखान्यात काय चाललंय ते मला सांगत होते. मी दोघातिघांशी भांडलो. एकाला म्हटलं, तुझ्या घरात काय शिजतंय ते तुला कळत नाही आणि अमेरिकेच्या चुलीत काय फुंकतोस? लोक हसले, पण बातमी काही मागं सरली नाही.

भागीदाराला खरा घाव बसला तो एका लग्नात. पाथर्डीच्या एका घरची नवरी आम्ही न्यायची ठरली होती, हरीण घासून लखलखीत केलं होतं. नवरीचा बाप आला आणि मान खाली घालून म्हणाला, “राग मानू नगा. पर बुडत्या कंपनीच्या गाडीत पोरीला बसवायला आमच्यातल्या बाया नको म्हनत्यात.” नवरी आमच्या डोळ्यांदेखत ढालीच्या मोटारीत बसून गेली. जी मोटार घाटात ढकलावी लागते, तिच्यात. भागीदार त्या दिवशी जेवला नाही. वहिनी, म्हणजे त्याची बायको, मला म्हणाली, “भावजी, तुमी जरा सांगा त्यास्नी. तुमचंच ऐकत्यात ते.”

मी सांगितलं. पण त्याच महिन्यात गाडीचा भार झेलणाऱ्या मागच्या पाट्याची दोन पानं तुटली. मुंबईला सामानासाठी चिठ्ठी पाठवली, तर माल नाही असा निरोप आला. अरे, माल कुणाचाच नव्हता. ढालीचाही नव्हता. लढाईनं सगळ्यांचंच सामान खाल्लं होतं. मी लोहारशाळेत बसून पाटा घडवला आणि गाडी चालू केली. पण त्याच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. घाटाच्या माथ्यावर गाडी थांबवून तो मला म्हणाला, “मिस्त्री, ही हाय तवर भाकर हाय. ही बंद पडली तर मी काय करू? बैलं बी न्हाईत आता. तू इंग्रजी वाचतूस, छडा लाव की खऱ्याखोट्याचा.”

मी म्हणालो, लावतो.

छडा लावायला आम्ही गेलो कुठं, तर त्याच एजंटाकडं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते असं. एजंट गोड माणूस. धुतलेलं धोतर, कपाळावर गंध, आणि समोरच्याला पाटील म्हणायची सवय. भागीदार पाटील नव्हता, पण त्यानं ‘या पाटील’ म्हटल्यावर ह्याची छाती दोन बोटं पुढं आली. चहा आला, पानाचं तबक आलं. मग एजंटानं एक इंग्रजी वर्तमानपत्र काढून टेबलावर पसरलं. त्यात दोन गोऱ्या माणसांचे फोटो होते आणि खाली दोन्ही कंपन्यांची नावं होती. नावं मला ओळखू आली. नेमकी तेवढीच आली.

“मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, हा त्याचा माल खपवायला बोलतो,” एजंट म्हणाला. “मिस्त्रींना इंग्रजी येतं असं सारा तालुका सांगतो. त्यांनाच वाचू द्या.”

दोघं माझ्याकडं बघायला लागले. तिथं मला चार शब्द बोलता आले असते: मला इंग्रजी येत नाही. काय झालं असतं? हसले असते. स्टँडवर महिनाभर टिंगल झाली असती, ‘आला मोठा तार वाचणारा’ म्हणाले असते, आणि महिन्यानं विसरले असते. पण जीभ उचलेना. भागीदाराच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल जो भरवसा होता ना, तो बघून तर अजिबातच उचलेना. मी पत्र जवळ ओढलं. बोट ठेवलं आणि ओळीवरून सावकाश फिरवायला लागलो. मध्ये थांबलो, भुवया आवळल्या. एकदा ‘हं’ केलं. ते सगळं मला फार चांगलं जमायचं.

“काय म्हनतंय?” भागीदारानं विचारलं.

मी म्हणालो, “खरं आहे. विकली.”

त्यानं मान खाली घातली. एजंटानं पत्राची घडी केली, आणि मी मागितला नसताना माझ्यासाठी आणखी चहा मागवला.

पुढचं सगळं त्या एका शब्दातून निघालं. एजंट म्हणाला, हरणाची जुनी मोटार आता भंगार, पण तुमच्यासारख्या इमानदार माणसांसाठी मी ती पदरात घेतो, आणि बदल्यात ढालीची कोरी मोटार देतो. दोन महिन्यांत ती घेऊन बोट येईल. कागद इंग्रजीत होते. भागीदारानं ते सरळ माझ्याकडं सरकवले. एकदा ‘येतं’ म्हटलं की पुढं ‘येत नाही’ म्हणायची सोय राहत नाही. मी पुन्हा बोट फिरवलं, पुन्हा ‘हं’ केलं आणि म्हणालो, ठीक आहेत. त्यानं अंगठा उठवला. साक्षीदार म्हणून खाली मी सही केली, शेपटीसकट.

दोन महिने झाले, तीन झाले. बोट आली नाही. एजंट दर खेपेला चहा पाजायचा आणि समुद्राच्या गोष्टी सांगायचा. आम्ही दोघं पाथर्डीच्या स्टँडवर पारावर बसून असायचो, आणि एका सकाळी नगरच्या अंगानं आमचीच मोटार आली. तेच हरीण, तोच मी घडवलेला पाटा. चालवत होता एजंटाचा भाचा. उतारू खच्चून भरलेले. ज्या लोकांनी तिला बुडती म्हणून तोंड फिरवलं होतं तेच टपावर बसून आले होते, कारण एजंटानं आता उठवलं होतं की हरीण काही विकलं नाही, उलट जोरात आहे. एक म्हातारा उतरताना भागीदाराला म्हणाला, “तुमी का इकली ओ? गाडी तर झ्याक हाय.”

 मोटार शेवगावकडं निघून गेली तरी भागीदार रस्त्याकडं बघत होता.

आम्ही नगरला सरकारी कचेरीत गेलो. आमची समजूत अशी की मोटार गेली तरी परमिट आपलं आहे. परमिट माणसाला असतं, जमिनीच्या उताऱ्यासारखं. त्यावर दुसरी कुठली तरी मोटार लावू. कारकुनानं बाड काढलं, कागद उलटला आणि सांगितलं की मोटारीबरोबर परमिटही तुम्ही राजीखुशीनं लिहून दिलंय. हा अंगठा, ही साक्षीदाराची सही. माझं ते लांबलचक शेपूट पान ओलांडून गेलं होतं.

बाहेर आल्यावर भागीदारानं मला विचारलं, “तू वाचलं हुतंस न्हवं?”

“वाचलं होतं. तेव्हा त्यात तसं काही नव्हतं. मागाहून घातलं असणार.”

“मंग बरुबर,” तो म्हणाला. “लबाड माणूस. तुज्यासारख्या शिकल्याल्याला बी फसवलं त्यानं.”

त्यानं मला दोन मुस्काटात दिल्या असत्या तर मी आज हे लिहीत बसलो नसतो.

त्यानंतर आमची भागीदारी कशाची राहणार? तो सुप्याकडं एका ठेकेदाराची खडीची लॉरी चालवायला लागला. मी नगरला परत आलो. ते दिवस तसे वाईटच होते. नुकतंच स्वातंत्र्य आलं होतं, आणि उत्तरेकडून येणाऱ्या एकेक बातमीनं माणसं एकमेकांकडं तिरकी बघायला लागली होती. आम्ही वेगळे झालो म्हटल्यावर लोकांनी आपापसात ठरवून टाकलं की हा मराठा, तो मुसलमान, दिवस हे असले, फाटलं असेल. तो ज्याला त्याला सांगायचा, आमच्यात तसलं काय न्हाई. मी मात्र कधी खोडून काढलं नाही. लोक जे कारण समजत होते ते खोटं होतं, पण खऱ्यापेक्षा मला ते सोयीचं होतं. असला मी.

आणि नोकरी धरली ती कुठं? त्याच एजंटाच्या मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात. हरणाची मोटार हाती धरणारा दुसरा मिस्त्री जिल्ह्यात नव्हता, त्यानं बोलावणं पाठवलं आणि मी गेलो. लाज वाटत नव्हती असं नाही. लाज वाटायची आणि सकाळी उठून जायचो. एकदा दुपारी कारखान्यात आम्ही दोघंच होतो. मी मोटारीखालून बाहेर आलो तर एजंट पान चघळत उभा. अगदी प्रेमानं म्हणाला, “मिस्त्री, एक सांगू? त्या वर्तमानपत्रात छापलं होतं की ही अफवा आहे, कंपनी विकायची नाही. आणि तुमचं बोट त्या बातमीवर नव्हतंच. शेजारच्या साबणाच्या जाहिरातीवर होतं.”

मी हात पुसत राहिलो. तो म्हणाला, “घाबरू नका. मी कुणाला बोलत नाही.” तेव्हापासून पगार वाढवून मागायची माझी सोय संपली. पण खरं सांगायचं तर पगाराचं दुःख नव्हतं. साबणाच्या वड्यांवरून बोट फिरवत मी एका माणसाची भाकर घालवली, हे मनातून जाईना. आजही साबणाचा कागद फाडायला मी दुसऱ्या कुणाच्या तरी हाती देतो, आणि घरच्यांना वाटतं म्हातारा विचित्र झालाय.

वर्षभरानं भागीदार आला. कारखान्याच्या दारातच उभा राहिला, आत यायला तयार नव्हता. त्या छपराखाली पाय ठेवणार नाही म्हणाला. मीच बाहेर गेलो. खडीच्या धुळीनं भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, अंगानं उतरला होता. मी एजंटाकडं नोकरी करतो ह्याबद्दल एक शब्द काढला नाही. उलट म्हणाला, “पोटाला लागतंच की. त्यात काय.” मग काखेतलं फडकं सोडून एक पाटी काढली. कोरी पाटी आणि पेन्सिलीचा तुकडा.

“लई इचार केला मिस्त्री,” तो म्हणाला. “चूक त्या एजंटाची न्हाई. माजीच हाय. मला वाचता आलं असतं तर मी तितंच धरला असता त्याला. तू तरी एकटा किती बगणार? म्हनून आता शिकायचं. रोजचं न्हाई जमायचं, पर दर बाजारी खडी टाकाया मी नगरात येतो. तासभर मला इंग्रजी शिकव.”

पस्तिशीचा गडी. स्टिअरिंग धरून धरून बोटं अशी राठ झालेली की त्यांत तो पेन्सिलीचा तुकडा दिसतसुद्धा नव्हता. तो तसाच उभा, पाटी पुढं करून, आणि माझ्या तोंडाकडं बघत होता. कचेरीच्या दारात बघितलं होतं तसंच, तोच भरवसा.

आताही सांगता आलं असतं. आता तर गमावण्यासारखं काही उरलंही नव्हतं, ना त्याचं ना माझं. शब्द ओठापर्यंत आले होते, अल्लाची शपथ. आणि मी म्हणालो, “या वयात कुठं शिकतोस? इंग्रजी म्हणजे काय खडी आहे का भरायला? तुझ्या डोक्यात नाही शिरायचं ते.”

तो पाटीकडं बघून हसला.  “व्हय, ते बी खरंच हाय,” म्हणाला, आणि पाटी पुन्हा फडक्यात बांधली. वहिनी बरी आहे, तुझी आठवण काढती, असं काहीबाही बोलला. लॉरीकडं गेला, पायरीवर चढला आणि तिथून वळून म्हणाला, “मंग असं करतो. पुन्यांदा कुठला इंग्रजी कागद आलाच, तर अंगठा द्यायच्या आदी तुज्याकडं आनतो. तुज्याबिगर कुनावर इस्वास न्हाई माजा.”

मी म्हणालो, “आण की.”